धोंडूचं बारसं

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं दर शनिवारी एका खोलीत बसून एकाच गोष्टीची काळजी करू लागली, की ते आपोआप साठतात. आमचे असेच साठले. सांगायला बसले की घरचे विचारतात, पुन्हा तोच दगड का? हो, तोच. दुसरा आहे कुठे आमच्याकडे?

तर आम्ही चौघं. हरडसर आमच्या शाळेतून विज्ञान शिकवून रिटायर झालेले, राहायला टोकावड्याला. भोईरसर गणिताचे, शाळा सुटली की भातशेतीचे. वनिता कॉम्प्युटर शिकवते. आणि मी सुमन, भूगोलाची, मुरबाडहून एसटीने येणारी. जागा म्हणजे धसईच्या आमच्या शाळेची कॉम्प्युटर रूम. वेळ शनिवारची, सकाळची शाळा सुटल्यावरची.

काम सांगायला सोपं आहे. परदेशातली एक मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. ते फोटो नेटवरून आमच्यासारख्या हौशी मंडळींना मिळतात. ते स्क्रीनवर एकामागून एक भराभर फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरतायत. त्यातला एखादा आजवर कुणी न पाहिलेला असला, पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा दिसत राहिला आणि त्याचा रस्ता पक्का झाला, तर त्याला कायमचा नंबर मिळतो. मग नाव सुचवायचा मान ज्यांनी तो पहिल्यांदा दाखवला त्यांचा.

हरडसरांना एवढंच हवं होतं. एका दगडाला नाव द्यायचं. कोणतं, ते सांगायचे नाहीत. विचारलं की म्हणायचे, "बारशाआधी नाव सांगत नसतात."

पण नंबर मिळायला पाच-सहा वर्षं सहज लागतात, आणि सरांनी सत्तरी ओलांडलेली. छातीत एक जुनी कुरकुर. हा हिशेब आम्ही सगळ्यांनीच मनात करून ठेवला होता. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

*

सुरुवातीला गावात बातमी झाली की शाळेत दुर्बीण आली. शाळा समितीचे एक सदस्य बघायला आले. खोलीभर फिरले, कपाटामागे डोकावले, मग वर पत्र्याकडे बघून विचारलं की भोक कुठे पाडलंय.

भोईरांनी त्यांना समजावलं की दुर्बीण इथे नाही, ती सातासमुद्रापलीकडे आहे. फोटो इथे येतात. आम्ही दुपारचे बसून ते बघतो.

सदस्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं. "आमाला पन दिवसा तारे दिसले हायेत सर," ते म्हणाले, "पन ते पोलीस पाटलानं कानाखाली दिली तवा."

सरांना याचंही टेन्शन आलं. समितीने खोली काढून घेतली तर? हरडसरांचा स्वभावच तो. एसटी वेळेवर आली तरी त्यांना वाटायचं, ड्रायव्हरने एखादा स्टॉप गाळला असणार.

या स्वभावाइतकंच त्यांचं नावही आम्हाला कोडं होतं. सगळीकडे सही डी. बी. हरड. डी म्हणजे काय विचारलं तर उत्तर, "डी म्हणजे डी." ते मूळचे इकडचे नव्हतेच, खर्डीच्या बाजूला जंगलातल्या कुठल्या पाड्यावरचे, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? भोईरांनी दत्तात्रयपासून दामोदरपर्यंत सगळं म्हणून पाहिलं. सर नुसते हसायचे.

*

आमचा पहिला शोध भोईरांनी लावला. फोटो फिरवता फिरवता ते एकदम उभे राहिले. ठिपका होता, सरळ रेषेत चालला होता, वेगही सारखा. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. वनिताने टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, आधी फोटो थांबवा, जागा मोजू.

फोटो थांबवले. ठिपका थांबला नाही.

तो आपला त्याच सरळ रेषेत, त्याच वेगाने, स्क्रीनच्या कडेपर्यंत गेला आणि मागच्या बाजूला वळला. तिकडे भोईरांनी ठेवलेली चिक्की होती. मुंगी लाल होती, हेही मग आमच्या लक्षात आलं.

तेव्हापासून सरांनी नियम केला. काहीही दिसलं तरी आधी काच पुसायची.

*

खरा ठिपका सापडला तो ढाब्यावर. त्याआधी आमचे तीन ठिपके हातचे गेले होते. एक दुसऱ्याच कुणाला आधी सापडलेला निघाला, आणि बाकीचे दोन आम्ही कळवल्यावर पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. दरवेळी सर आठवडाभर कुणाशी धड बोलत नसत.

त्या शनिवारी फोटो उतरवून झाले आणि धसईची लाइट गेली. रिपोर्ट त्याच दिवशी पाठवायचा होता. सर खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी म्हणाले, आमच्या टोकावड्याला रस्त्यावर एक ढाबा आहे, त्याच्याकडे जनरेटर आहे, नेटही आहे. वनिताने लॅपटॉप उचलला, भोईरांनी जीप थांबवली, आणि आम्ही निघालो.

माळशेजला धबधबे बघायला जाणाऱ्यांनी ढाबा भरलेला. मालक म्हणाला, बसायचं तर काहीतरी घ्यावं लागेल. म्हणून भोईर दर थोड्या वेळाने कांदाभजी मागवत होते. सर खात नव्हते. प्रत्येक तुकडा दोनदा, तीनदा फिरवून बघत होते. जनरेटर मध्येच खोकला की सर लॅपटॉपवर हात ठेवायचे, जणू तो पडणारच आहे.

मग सरांनी बोट पुढे केलं, काचेला न लावता. "हा बघा."

फिक्कट होता. असून नसल्यासारखा. पण सरकत होता. आधीच माहीत असलेल्या दगडांभोवती सॉफ्टवेअर खूण दाखवतं, याच्याभोवती काहीच नव्हतं. आम्ही चौघं त्या स्क्रीनवर इतके वाकलो की वेटर टेबल पुसायला आला तर त्याला जागाच मिळेना.

सर त्याला म्हणाले, "हे जरा पुसतोस का?" आणि लॅपटॉप पुढे केला. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि पूर्ण स्क्रीन नीट पुसली, कोपऱ्यांसकट. ठिपका होता तिथेच होता.

पुढे मोठमोठ्या लोकांनी त्याची तपासणी केली असेल. पण पहिली तपासणी टोकावड्याच्या ढाब्यावर, भज्यांच्या फडक्याने झाली.

*

रिपोर्ट गेला, आणि काही आठवड्यांनी कळलं की तो नवा आहे. आणखी एका दुर्बिणीलाही तो दिसला होता. त्याला तात्पुरतं नाव मिळालं: आधी साल, मग इंग्रजी अक्षरं, मग आकडे. एखाद्या टेम्पोच्या नंबरप्लेटसारखं. वनिता ते स्टेटसला टाकणार होती. सरांनी तिच्या हातातला मोबाइल धरला. नको, नजर लागेल! विज्ञानाचे शिक्षक असं बोलल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं, पण स्टेटस कुणी टाकलं नाही.

प्रश्न असा होता की आपसात त्याला म्हणायचं काय. टेम्पोचा नंबर किती वेळा घोकणार? भोईरांनी घरी आईला विचारलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. आधीचे गेले, हा टिकेल की नाही माहीत नाही, सगळे काळजीत आहेत. तिने निकाल दिला.

भोईर दुसऱ्या शनिवारी सांगत आले, "आय बोल्ली, त्याला धोंडू बोलवा. पोरं जगत नसली का असाच नाव ठेवायचा. धोंड्यावर कुनाची नजर जात नाय, यमाची पन नाय. आनि ह्यो तर हायेच धोंडा."

वनिता हसली, मीही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि परत घातला. मग म्हणाले, "ठेवा. टिकेल."

भोईर मला नंतर हळूच म्हणाले की सरांना नाव पसंत पडलेलं दिसत नाही. मलाही तसंच वाटलं.

*

स्टेटस टाकलं नाही तरी बातमी फुटली. ढाब्याचा वेटर बाजाराला आला होता. धसईच्या बाजारात दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं की शाळेतल्या मास्तरांनी आभाळातला धोंडा बघितलाय.

मी भेंडी घेत होते. भाजीवालीने भेंडी तराजूत टाकता टाकता दबक्या आवाजात विचारलं, "बाय, कदी पडनार हाय तो? आमची पोरगी बालंतपनाला आलीय, तिला सासरी धाडू का ठेवू?"

तिचा चेहरा बघून मला हसू आलं नाही. मी पिशवी खाली ठेवून तिला सगळं समजावलं. तो मंगळाच्या पलीकडे आहे, तिकडेच फिरतो, आपल्याकडे यायचा त्याचा रस्ताच नाही. मुलीला खुशाल ठेव. ती बाई मोकळी झाली, दोन भेंड्या वर टाकल्या.

शेजारी एक म्हातारबाबा तांदूळ घेऊन बसले होते. त्यांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "जो येनार नाय त्याच्या मागं कशाला लागलाव गो? येनार हाय तो शोदा ना!"

हे मी सरांना गंमत म्हणून सांगितलं. सरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणाले, म्हातारा बरोबर बोलला.

*

नावाचा वास लागला की माणसं येतात. एका शनिवारी पांढऱ्या गाडीतून दोन कार्यकर्ते आले, शाल-श्रीफळ घेऊन. धोंडूला नंबर मिळायला अजून वर्षं होती, पण त्यांच्याकडे ठरलंही होतं. नाव साहेबांचं द्यायचं. शहापूर-मुरबाडमध्ये मोठा कार्यक्रम करू, मंडप आमचा, म्हणाले.

सर खुर्चीत आक्रसून बसले. नाही कसं म्हणायचं? खोली शाळेची, शाळा समितीची, आणि समिती साहेबांची. शेवटी वनिताने नियम उघडले आणि मराठीत सांगायला सुरुवात केली. नाव सोळा अक्षरांत बसलं पाहिजे. कंपनीचं, जाहिरातीचं चालत नाही. पाळीव प्राण्यांचं शक्यतो नको. आणि राजकारणातल्या माणसाचं असेल, तर ती व्यक्ती जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात.

थोरला कार्यकर्ता विचारात पडला. म्हणजे आधी साहेबांनी जायला पाहिजे, असं का? वनिता म्हणाली, हो. आणि मग शंभर वर्षं? हो.

तो उठला. शाल तिथेच राहिली, नारळ मात्र त्याने परत घेतला. दारात थांबून म्हणाला, "साहेबांना विचारून कळवतो."

आम्ही पोट धरून हसलो. सर म्हणाले, "त्यांच्याकडे शंभर वर्षं थांबायला माणसं आहेत." मग आमचं हसू ओसरलं.

*

त्यानंतर धोंडू दिसेनासा झाला. त्यात वावगं काही नव्हतं. आपण फिरतो, तोही फिरतो, मध्ये सूर्य आला की तो उजेडात बुडतो. पुन्हा नीट समोर यायला सव्वा-दीड वर्ष लागतं. सरांनी हे जन्मभर मुलांना शिकवलेलं. पण आता ते दर शनिवारी विचारायचे, तो परत आला नाही तर? आपला रस्ता चुकला असेल तर? पहिल्या थोड्याशा दिवसांच्या नोंदींवरून काढलेला रस्ता कच्चा असतो, आणि कच्च्या रस्त्यावरचे दगड हरवतात. हे खरंही होतं.

त्यांची समजूत पटावी म्हणून भोईरांनी आम्हाला आपल्या खळ्यावर बोलावलं. भात झोडून झालेलं, खळं सारवून स्वच्छ. भोईरांनी दोन खुंट्या ठोकल्या, त्यांना सैल दोरी बांधली आणि दोरी काठीने ताणून धरत एक रेघ ओढली. किंचित दबलेला गोल तयार झाला. एका खुंटीपाशी सरांना उभं केलं, ते सूर्य. गोलावर वनिता, ती धोंडू. आतल्या लहान गोलावर स्वतः भोईर, पृथ्वी. मला गुरू करून पार बांधावर पाठवलं. गुरू बारा वर्षांत एक फेरी मारतो, त्यामुळे मला काही विशेष काम नव्हतं.

धोंडूला एका फेरीला चारेक वर्षं लागतात. म्हणजे वनिता एकदा फिरेपर्यंत भोईरांना चारदा पळायचं. सर मध्ये आले की भोईर ओरडायचे, "आता नाय दिसत!" आणि पुढे गेले की, "दिसली, दिसली!"

रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाला थांबली. शाळेतले दोन शिक्षक गोल गोल फिरतायत आणि म्हातारे हरडसर हात बांधून मधोमध उभे. भोईरांची आई घरातून बाहेर आली. तिने क्षणभर पाहिलं, काही विचारलं नाही. आत गेली, उदबत्ती पेटवून आणली आणि सरांच्या पायाशी खळ्यात खोचली. कुंपणापलीकडच्या दोघांनी हात जोडले.

सर म्हणाले, "भोईर, सूर्य खाली बसला तर चालेल का?"

आम्ही हसत सुटलो. सर बसले. थंडीचे दिवस, आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. तो मी बांधावरून पाहिला. संध्याकाळी ते कल्याणला हॉस्पिटलात होते.

*

छातीत दोन नळ्या बसवल्या. भेटायची परवानगी एकालाच होती आणि दोघांनी मला पुढे केलं. जाण्याआधी बाहेरच्या बाकावर आमची बारीक आवाजात भांडणं झाली. धोंडू पुन्हा दिसण्याची वेळ जवळ आली होती, पण कुठूनच बातमी नव्हती. भोईर म्हणाले, दिसला म्हणून सांगून टाका, मानूस उठून बसेल. वनिता म्हणाली, खोटं सांगायचं नाही. मला भीती वाटत होती की खरं सांगितलं तर त्यांना काही होईल, आणि खोटं सांगितलं तर त्यांना ते लगेच कळेल.

वॉर्डातली सिस्टर केसपेपर चाळत होती. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या शाळेच्या का? शुद्धीवर आल्यापासून काका एकच विचारतायत, धोंडूची काय खबर. मी म्हटलं काका, स्वतःचीच खबर काय विचारता! तर हसायला लागले."

मला वाटलं, ड्यूटी करून बिचारी दमली असेल. काहीतरी बोलतेय.

सर पडून होते, चेहरा उतरलेला. मी स्टुलावर बसले, घसा साफ केला, आणि तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "खोटं सांगायचं असेल तर भोईरांना पाठवा. त्यांना नीट जमतं."

मी खरं सांगितलं. अजून दिसला नाही. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाहेर आल्यावर भोईरांनी विचारलं, कोणतं सांगितलंत? मी म्हटलं, तुमचं त्यांना आधीच माहीत होतं.

*

धोंडू दिसला तो सर घरी आल्यानंतर. मी मुरबाडच्या स्टँडवर धसईच्या गाडीची वाट बघत होते आणि वनिताचा फोन आला. तिला नीट बोलताच येईना. एका दुर्बिणीने त्याला पुन्हा पकडलं होतं. शिवाय दुसऱ्या एका दुर्बिणीच्या जुन्या फोटोंतही तो निघाला होता, आमच्या कितीतरी आधी काढलेल्या. तेव्हा कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

मी सरांना फोन लावला. बातमी सांगितली. मग त्यांनी एकच विचारलं, तोच आहे का, नक्की? मी म्हटलं, हो. त्यांना माझं पुरलं नाही. भोईरांनी सगळी आकडेमोड स्वतः करून बघावी, असं त्यांचं म्हणणं. भोईरांनी ती केली आणि संध्याकाळी टोकावड्याला जाऊन सरांना तोंडी सांगितलं, "सर, रस्ता तोच, चाल तीच. दुसऱ्या कुनाचा नाय, आपलाच हाय."

त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा आम्हाला ढाब्यावर भजी खाऊ घातली. स्वतःही एक खाल्लं, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना. आम्ही ते एक भजं त्यांच्या पोटात नीट पोचेपर्यंत बघत बसलो होतो.

त्यानंतर असंच चाललं. धोंडू जायचा, धोंडू यायचा. तो गेला की सर वाळायचे, आला की जरा भरायचे. हातात काठी आली. गोळ्यांचा डबा मोठा झाला. शनिवारी सर जिना चढताना आम्ही वर उभे राहून पावलांचा आवाज ऐकायचो. मध्ये आवाज थांबला की भोईर काहीतरी विसरल्यासारखं करून खाली जायचे.

*

आणि यंदा नंबर आला. कायमचा. आता धोंडू हरवणार नव्हता.

मग नावावरून भांडणं. समितीला धसई हवं होतं. ढाब्याच्या मालकाला टोकावडे, कारण जनरेटर त्याचा. भोईरांच्या मनात आपल्या आईचं नाव होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण सोळा अक्षरांत बसतं का ते फळ्याच्या कोपऱ्यात मोजून पुसलेलं मी पाहिलं. सर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मला वेगळीच धास्ती होती. इतकी वर्षं हा माणूस या एका नावावर उभा होता. ते एकदा दिल्यावर पुढे काय?

सरांनी शनिवार ठरवला. बारसं म्हणून वनिताने घुगऱ्या करून आणल्या. भोईरांच्या आईने फोनवरून बजावलं की आत्याशिवाय बारसं होत नाही. टाइप मी करणार होते, म्हणून आत्या मीच ठरले. सर जिना चढून आले, एकदाच थांबले, आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. वनिताने नाव पाठवायचं नेटवरचं पान उघडून दिलं. वर नाव, खाली ते कुणाचं हे दोन ओळींत लिहायचं. शेवटचा निर्णय तिकडची कमिटी घेणार.

सर माझ्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "टी. ए. आय. ताई."

मी टाइप केलं. भोईरांनी विचारलं, कुणाची ताई?

"माजी," सर म्हणाले. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्या तोंडून पाड्यावरची बोली कधी ऐकली नव्हती. "माज्या आदीची. बारशाच्या आदल्या दिवशी गेली. नाव ठेवायचा राहून गेला. आय तिला नुसती 'ती' बोलायची. मी ताई बोलतो, मनात."

घुगऱ्यांची पातेली तशीच झाकलेली होती. थोड्या वेळाने वनिताने हळू आवाजात सांगितलं की खालच्या दोन ओळी रिकाम्या सोडता येत नाहीत. ती कोण, हे लिहावं लागतं. मला जे सुचलं ते मी लिहिलं: डी. बी. हरड यांची थोरली बहीण.

सरांनी ते वाचलं. मग ज्या माणसाने आजवर कधी काचेला हात लावला नव्हता, त्याने बोट थेट स्क्रीनवर टेकवलं, डी या अक्षरावर.

"ह्यो नको," ते म्हणाले. "पुरता लिवा. धोंडूची थोरली बहीन."